राघो कातारी आणि जपानची वाटी

आमच्या सासरी अजूनही पोळपाट घेताना आधी बोटानं वाजवून बघतात. ही सवय राघोंची. माझ्या सासऱ्यांचे ते पणजे. कल्याणात सगळे त्यांना राघो कातारी म्हणत. लाकूड दोरीनं गरगर फिरवायचं आणि पटाशी लावून त्याला गोलाई द्यायची, हा धंदा. पोळपाट, लाटणी, रव्या. दोरी ओढायला बायको, कलावती. दोघांची बोलणी म्हणे पार रस्त्यावर ऐकू यायची.

"ओढ गं, जेवली नाहीस का?"

"जेवले की! तुम्ही उरवलंत तेवढं."

प्लेगच्या आधीची गोष्ट. शेजारच्या सखुबाईंचा भाऊ महिपत आगबोटीवर खलाशी होता. एका भाऊबिजेला त्यानं ओवाळणी म्हणून जपानची लाकडी वाटी घातली. काळीभोर, आरशासारखी, हातात घेतली तर पिसासारखी. सखुबाईंनी ती वर्षभर फडताळात जपली. पुढची दिवाळी आली तेव्हा भावाला हिच्यातच खीर द्यायची म्हणून खाली काढली आणि राख-काथ्यानं खसाखसा घासली. तकाकी गेली, पांढरे ओरखडे उठले.

रडतच त्या राघोंकडे आल्या. "राघोदादा, परवा तो येणार. कसं तोंड दाखवू त्याला?"

"पण घासलीत कशाला?" कलावतीनं विचारलं. "खरकटी का होती?"

"बोटीतून आलेली वस्तू, किती जणांचे हात लागले असतील! राखेशिवाय चुलीपाशी कशी नेऊ गं?"

कलावतीनं मान डोलावली. तीही तेच करती.

राघोंनी शब्द दिला. काजळी घातलेली लाख फिरत्या वाटीवर दाबून धरली, ती वितळून पसरली, आणि वाटी पुन्हा चमकली. राघो खूश. कलावतीनं मात्र चुलीवरची कढत पेज तिच्यात ओतली.

"अगं, काय करतेस?"

"खीर काय गार वाढणार आहेत त्या?"

लाख पाघळली. पेजेवर काळे तवंग आले.

राघो रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळं खरवडून काढलं, लाखही आणि उरलीसुरली काळी तकाकीही. खाली निघालेल्या लाकडाची कड विड्याच्या पानाइतकी पातळ होती. त्यांच्या हातून इतकं पातळ कधी उतरलं नव्हतं. खोबरेल चोळून त्यांनी वाटी परत केली. "रंग नाही जमला, सखुताई. सांगून टाका त्याला."

भाऊबिजेला महिपतनं वाटी उचलली. "ही कुणाची?"

सखुबाईंनी खाली मान घालून सगळं सांगितलं. महिपत इतका हसला की खीर पाटावर सांडली. "अगं आक्का, मला वाटलं फडताळातच ठेवशील जन्मभर! तिकडे गडीमाणसं यातच कढत रस्सा पितात." आणि त्यानं वाटी पुढे केली. "वाढ अजून."

संध्याकाळी तो वाटी घेऊन राघोंकडे आला. राघोंनी एवढंच विचारलं, "तिथल्या कारागिराची दोरी कोण ओढतं?"

"त्याची बायको. त्याला शिव्याही देते, असं वाटलं. भाषा कुठे येते मला!" मग म्हणाला, "असल्या वाट्या कराल का? बोटीवर टिनाच्या पेल्यानं ओठ भाजतात."

राघोंनी वाटी बोटानं वाजवून बघितली. एवढी पातळ कड जमेल की नाही, याची त्यांना खात्री नव्हती.

"करू," कलावती आतून म्हणाली. "पहिल्या फुटतील, त्या आम्ही चुलीत घालू."