हौद्यात उभे टेकूमामा

अन्याय झाला तो टेकूमामांवर. गेल्या चैत्रात, हनुमान जयंतीच्या भर दुपारी, चाकणच्या चौकात, आमच्या डोळ्यांदेखत. त्याला अपघात म्हणू नका. भाडं वाचवायला गेल्यावर जे होतं, त्याला अपघात म्हणायची सवय आपणच लावून घेतली आहे.

मामा जमिनीवरही तिरके उभे राहत. डावा खांदा पुढे, गुडघे जरा सैल, जणू आत्ता कुणीतरी अंगावर रेलणार आहे. निम्मं आयुष्य त्यांनी आमच्या घरच्या कामावर, टेम्पोच्या हौद्यात घोडीला टेकू देत काढलं. आमच्या गावात, चऱ्होलीत, त्यांचं खरं नाव फक्त रेशनकार्डावर उरलं होतं.

घोडी आमच्या चुलत्यांची, आण्णांची. बैलगाडा शर्यतीत बैलांच्या पुढे स्वार घेऊन धावते ती. नाव चिमणी. लांबच्या यात्रेला तिला न्यायचं ठरलं की घरात दर वेळी तोच विषय निघायचा. खास घोड्यांसाठीची गाडी मिळते, आतून गाद्या लावलेली, दोन्ही बाजूंना आडोसे असलेली. तिचं भाडं ऐकलं की आण्णा तोंड वाकडं करत, उघड्या पिकअपवाल्याला फोन लावत आणि म्हणत, "मामा हाय की." चाकणला दोन गोडाऊनं भाड्याने दिलेल्या माणसाचं हे वाक्य. गादीचं, आडोशाचं, दांडीचं, सगळं काम मामांच्या बरगड्यांनी करायचं.

मामांना त्यात कमीपणा वाटत नसे. ते म्हणायचे, "घोडीला रस्ता कळत न्हाई, पोरी. तिला वाटतं खालची जिमीनच पळतीया. मग एक तरी न हलणारं जवळ पायजे." ते न हलणारं म्हणजे स्वतः. निघायच्या दिवशी सकाळपासून ते पाणीही बेतानं पीत. वाटेत उतरावं लागलं, तर तिच्याजवळ कोण?

पिकअपचा ड्रायव्हर सलीमभाई त्यांना दर खेपेला पुढे बोलवायचा. "मामा, या की सीटवर. म्हातारपणी काय लटकताय मागं?"

"पुढं तुझी गाणी ऐकावी लागत्यात," मामा म्हणायचे. "मागं घोडी तोंड मिटून असती."

आम्ही हसायचो. पिकअपच्या मागे आण्णांची मोठी गाडी, काचा वर, एसी चालू, पोरांच्या हातात उसाचा रस. समोरच्या काचेतून सगळा रस्ताभर मामांची घामाने भिजलेली पाठ दिसायची. ती बघत आम्ही शर्यतीच्या गप्पा मारायचो.

त्या दिवशी संगमनेरच्या बाजूला शर्यत होती. मी आकुर्डीहून आले होते, एका कंपनीच्या गेटवर कंत्राटी कामगारांच्या सुरक्षेची पत्रकं वाटून. पिशवीत उरलेला गठ्ठा होता. त्यावर मीच लिहिलेलं, "माणूस म्हणजे यंत्राचा सुटा भाग नव्हे." ती पिशवी मांडीवर घेऊन मी मामांच्या मागे, गार हवेत बसले होते.

चौकात कंटेनरांची रांग लागली होती. एकाने शेजारीच हॉर्न दाबला. चिमणी बिथरली, मागचे पाय घसरले आणि ती सगळ्या वजनानिशी मामांवर गेली. मामा तिच्या आणि हौद्याच्या मागच्या फाळक्याच्या मध्ये दाबले गेले. सलीमभाईने फाळका सोडला तेव्हा ते हातात दोर धरूनच खाली आले. कंबरेतून पाय हलत नव्हता. आण्णा धावले. मामा म्हणाले, "मला बसवा हितं कडंला. आधी घोडी पोचवा. तिचा नंबर जाईल."

आणि आम्ही तेच केलं. सलीमभाई एकटाच बोलला, "आण्णा, गाडी दवाखान्याकडं वळवतो." आण्णांनी त्याला दटावलं. मामांना एका रिक्षात घातलं, सोबत गावातला एक ओळखीचा दिला, आणि दुसरा माणूस हौद्यात चढवून आम्ही पुढे निघालो. चिमणी पळाली. गुलाल उडाला. गावात फ्लेक्स लागला, त्यावर घोडी, आण्णा, सगळे भाऊबंद. पुढे कुणी मामांचं विचारलं की घरात सगळ्यांचं एकच उत्तर तयार, "तोच म्हणला ना, आधी घोडी पोचवा." मीही ते एकदा एका मैत्रिणीला ऐकवलं. आजही आठवलं की मान वर होत नाही.

मामांचा खुबा मोडला होता, तो नीट जुळला नाही. मामा आता मुलीकडे असतात, दुसऱ्या मजल्यावर, जिने उतरता येत नाहीत. मी गेले तेव्हा त्यांनी आधी चिमणीच्या खुरांची चौकशी केली. मग मी सांगितलं, की आण्णांनी हौद्यासाठी नवा माणूस ठेवलाय, आणि त्याने कुरकूर केली की त्याला तुमचं वाक्य ऐकवतात.

मामा म्हणाले, "ते मी बोलायचं व्हतं. तुमी न्हाई."

त्यांना मी पहिल्यांदाच रागावलेलं पाहिलं. आवाज चढला नव्हता. माझ्याकडे बघायचं मात्र त्यांनी थांबवलं होतं.

शर्यत बंद करा, असं मी म्हणत नाही. पण तुमच्या दारात घोडी असेल, तर हे तुम्हालाच सांगते आहे. येत्या यात्रेला गाडी भरताना हौद्यात माणूस चढला, तर त्याला हाताला धरून खाली उतरवा आणि पुढे सीटवर बसवा. घोडीसाठी आडोशाची गाडी सांगा. ती परवडत नसेल तर शर्यतीतून नाव काढून घ्या, आणि का काढलं ते चारचौघांत सांगा.