सावळारामचा रॅम्प

राहनाळच्या सावळारामची जीभ पहिल्यापासून तिखट. गोडाऊनमध्ये कापडाची गाठ पाठीवर कोसळली, कमरेखालचं अंग गेलं, जीभ तेवढी शाबूत राहिली. गावच्या समाजमंदिराला तेव्हा उंच पायऱ्या होत्या. बारसं असो की हळद, चौघे जण त्याला चाकाच्या खुर्चीसकट उचलून आत ठेवायचे. तो ओरडायचा, "अरं हळू! चौघांनी न्यायला मी अजून मेलो न्हाय!" लोक हसायचे, तोही हसायचा. घरी आल्यावर मात्र त्याला घास उतरायचा नाही. हे त्याच्या बायकोला, तुळजाला, तेवढं ठाऊक होतं.

मुलीचं, रीमाचं लग्न ठरलं आणि त्याच सुमारास समाजमंदिराचं पुढचं दार नव्यानं बांधायचं निघालं. सावळाराम कमिटीपुढं जाऊन बसला. "पोरीवर अक्षता टाकायला मी माझ्या हातानं चाकं ढकलत जानार. रॅम्प पायजे!"

कमिटीचा अध्यक्ष विशाल. त्याला दारापुढं भली मोठी कमान हवी होती. बरीच कुरकुर झाली. पण आमचं गाव मनानं वाईट नाही, पंचाईत तीच आहे. कमान गेली, रॅम्प आला. निजामपुऱ्याच्या जब्बार मिस्त्रीनं सावळारामलाच चढायला-उतरायला लावून चढण बेताची केली, खरखरीत फरशी बसवली. म्हणाला, "भाऊ, अब किसी को आवाज देने का नहीं." सावळाराम त्या दिवशी उगाचच आणखी चारदा चढला-उतरला.

लग्नाच्या दिवशी सकाळी तो एकटा चढून आत गेला. सगळ्यांना बजावलं, "आज मला कोनी हात लावायचा न्हाय." मग उगाचच भटजींशी वाद घातला, इतका तो खुशीत होता. वरात जवळ आली तसा व्याह्यांना सामोरं जायला तो खाली उतरला.

वरात उशिरा पोचली. डीजेपुढं नाचणाऱ्यांना मुहूर्ताचं काय पडलंय? भटजी माईकवरून हाका मारू लागले तशी सगळी माणसं आत धावली. समाजमंदिरात गणपती बसवलेला आहे, म्हणून चपला बाहेर. एरवी त्या पायऱ्यांवर निघतात. पण आज पायऱ्यांवर नवरदेवासाठी लाल गालिचा होता. त्यावर चपला कोण काढणार? शेजारी रॅम्प मोकळाच होता.

व्याह्यांच्या म्हाताऱ्या आईला पुढं घालून सावळाराम शेवटी वळला, तर रॅम्पची फरशी दिसेना. चपला, बूट, टाचेच्या सँडली, एकावर एक. त्यानं हाका मारल्या. आत माईकवर मंगलाष्टकं सुरू झाली होती, कोणाला काय ऐकू जाणार? तो वाकून एकेक चप्पल बाजूला फेकू लागला. थोडा चढला आणि चाक एका सँडलीवर अडकलं. पुढंही जाईना, मागंही येईना. आत सगळं गाव दाराकडं पाठ करून उभं. येईल तो आपला आपण, हात लावू नका म्हणालाय, असं प्रत्येकानं धरलेलं. मला अजून राग येतो, आणि तो काढायचा कोणावर हेच कळत नाही.

'सावधान' झालं. बँड वाजला. अंतरपाट दूर झाला.

तुळजा शोधत बाहेर आली, तेव्हा तो निम्म्या रॅम्पवर होता. एक हात धुळीनं माखलेला, दुसऱ्याची मूठ घट्ट मिटलेली.

"पडल्या का गं अक्षता?" त्यानं विचारलं.

"पडल्या."

कन्यादानासाठी भटजी खोळंबले होते. विशाल आणि आणखी तिघे धावत आले. चपला बाजूला करत बसायला वेळ नव्हता, त्यांनी खुर्ची उचलली. सावळाराम ओरडला नाही, हळू म्हणाला नाही. त्यानं डोळे मिटून घेतले. मूठ सैल झाली आणि तिच्यातल्या अक्षता दारापर्यंत चपलांवर सांडत गेल्या.

ते बघून तुळजानं हंबरडा फोडला. आतल्या बायका लगबगीनं बाहेर आल्या, तिला जवळ घेऊन समजावू लागल्या, "रडू नको गं, लेक चांगल्या घरी चाललीय."