भाषा मराठी, दुभाषी हवा

मला इंग्रजी येत नाही, असं मी एकदा अमेरिकन पोलिसाला सांगितलं. इंग्रजीतच सांगितलं.

तेव्हा मी पन्नाशी ओलांडली होती, म्हणजे स्वतःला तरुण समजायचं शेवटचं वय. अमेरिकेत, पार्सिपनीत येऊन वीसेक वर्षं झाली होती. त्यातली बरीचशी मी एका विम्याच्या ऑफिसात बसून, फोनवर गिऱ्हाइकांशी इंग्रजीत भांडण्यात घालवली होती. पगार त्याचाच मिळायचा.

गाडी भरधाव चालवायची मला खोड होती. त्यावर उपाय म्हणून माणूस हळू चालवायला शिकतो. मी रडार डिटेक्टर आणला. पोलिसांच्या रडारचा किरण लागला की हा डबा किंचाळतो, आपण ब्रेक दाबायचा आणि साळसूद चेहरा करायचा. आमच्या ह्यांनी त्याचं नाव टिटवी ठेवलं. औषधांच्या दुकानाचं आपोआप उघडणारं दार जवळ आलं तरी ती ओरडायची.

"चोर घरात शिरताना बाहेर एक माणूस पाळतीवर ठेवतात ना, तसली वस्तू आहे ही," हे म्हणाले.

"आपल्या राज्यात कायदेशीर आहे," मी म्हणाले.

"ठेवणं कायदेशीर आहे. कशाला ठेवलीय ते मनाला विचार."

मनाला विचारायला मला वेळ कुठे होता? मी कायम घाईत.

त्या संध्याकाळी आमच्या मराठी मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम होता आणि सूत्रसंचालन माझ्याकडे. हे खुर्च्या मांडायला दुपारीच गेले होते. मी रेशमी साडी, मांडीवर शाल, अशी एकटीच हायवेवरून निघाले होते. तोंडानं निवेदनाची तालीम चालू, पाय ॲक्सिलरेटरवर. टिटवी गप्प होती. टिटवी गप्प म्हणजे रस्ता मोकळा, एवढी साधी माझी श्रद्धा. पोलीस समोर नव्हताच. तो मागून आला, थोडा वेळ माझ्या वेगानं माझ्यामागे चालला आणि स्वतःच्या काट्यावर माझा वेग वाचला. किरणच सोडला नाही, तर टिटवी बिचारी ओरडणार कशाला?

तो खिडकीशी येईपर्यंत मी मांडीवरची शाल टिटवीवर टाकली. कसली घाई आहे, असं त्यानं अगदी अदबीनं विचारलं. आणि ही बाई, जिनं सकाळीच एका वकिलाला फोनवर गप्प केलं होतं, ती हात जोडून म्हणाली, "नो इंग्लिश, सर."

तो भला माणूस. एकेक शब्द सुटा करून, मोठ्यानं, हातवारे करत त्यानं पुन्हा विचारलं. मी केविलवाणं हसले. तेवढ्यात पलीकडून रडार चालू असलेली दुसरी पोलिसांची गाडी गेली आणि शालीखालून टिटवी जी ओरडायला लागली! मेली, आता तोंड उघडतेय! त्यानं शालीकडे बोट दाखवलं. मी म्हणाले, "नो इंग्लिश." त्यानं मान हलवली आणि दंडाचं तिकीट लिहून दिलं.

नातवंडांना ही गोष्ट मी इथपर्यंतच सांगते. मी टिटवीचा आवाज काढते, ती गडबडा लोळतात, "आजी, अगेन!" म्हणतात. पुढचं मी त्यांना कधी सांगितलेलं नाही.

तिकीट पर्समध्ये घालून मी हॉलवर पोचले आणि सूत्रसंचालन झोकात केलं. काही अमेरिकन पाहुणे आले होते, त्यांच्यासाठी शेवटी इंग्रजीतही आभार मानले, दोन विनोद करून. जेवणाच्या रांगेत एक मुलगी मुद्दाम माझ्याजवळ आली. नागपूरची, लग्न होऊन इकडे आलेली, माझ्या लेकीच्या वयाची.

"काकू, काय बोलता हो तुम्ही! मराठीतून इंग्रजीत कधी गेलात ते कळलंसुद्धा नाही."

मी फुगले. पोळीसारखी टम्म.

रांगेत आणखी पुढे मंडळाचे सर्वज्ञ होते. असे एक गृहस्थ प्रत्येक मंडळात असतात. तिकिटाचं कळल्यावर ते म्हणाले, "वहिनी, दंड भरू नका. कोर्टात उभ्या राहा, गुन्हा कबूल नाही म्हणा आणि मराठीचा दुभाषी मागा. हिंदीचे मिळतात, मराठीचा कुठून आणणार? तारीख पडेल, परत तारीख पडेल, शेवटी कंटाळून सोडून देतील."

"तुम्ही केलंय असं?"

"छे! मी लिमिटच्या वर जातच नाही."

हसू येतं आता, पण मी ते खरंच केलं. कोर्टाचा अर्ज भरला. दुभाषी हवा का? हो. भाषा? मराठी. हे सोबत यायला तयार नव्हते. "तुझ्या नाटकात मला घेऊ नकोस," एवढंच म्हणाले. मी सुती साडी नेसले, केसांना तेल लावलं, कपाळावर मोठं कुंकू. शक्य तितकी अडाणी दिसायची हौस! आमच्या आईनं त्याच वेशात वर्षानुवर्षं शाळा चालवली होती, हे या बाईच्या डोक्यात आलं नाही.

पहिल्या तारखेला दुभाषी नव्हता. सर्वज्ञांचा जय असो, असं म्हणत मी घरी आले. दुसऱ्या तारखेला माझं नाव पुकारलं, तेव्हा दुभाषी हजर होती.

जेवणाच्या रांगेतली तीच मुलगी.

तिनं मला पाहिलं आणि तिचा चेहरा आधी उजळला. ते मला आजही विसरता येत नाही. मग तिला हळूहळू उमगत गेलं. तिनं हात वर करून शपथ घेतली, दोन्हीकडचं बोलणं खरंखुरं आणि पूर्ण सांगीन म्हणून. न्यायाधीशांनी तिला विचारलं, या बाई तुमच्या ओळखीच्या आहेत का? ती म्हणाली, हो, आमच्या समाजातल्या आहेत, एकदा भेटलोय. मग यांचं भाषांतर करण्यात काही अडचण आहे का, असं त्यांनी विचारलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं. अडचण नाही म्हणाली तर नुकत्याच घेतलेल्या शपथेचं काय? आहे म्हणाली तर भर कोर्टात माझी लाज जाणार. आणि त्या क्षणी मी काय केलं? मी तिच्याकडे बघून हळूच मान हलवली. पाहुण्यांसमोर लेकीला डोळ्यांनी दटावतात ना, तशी. गप्प बस, सांगू नकोस.

टिटवीचं हसू येतं. त्या मान हलवण्याचं येत नाही.

तिनं माझ्यावरची नजर काढली आणि न्यायाधीशांना म्हणाली, यांना इंग्रजी समजतं का, ते आधी यांनाच विचारलेलं बरं. ते हो म्हणाले. मग ती माझ्याकडे वळली आणि स्वच्छ, सावकाश मराठीत म्हणाली, "न्यायाधीश विचारत आहेत, तुम्हाला इंग्रजी समजतं का?"

काकू म्हणाली नाही. परक्या बाईला विचारावं तसं विचारलं.

मी साडीच्या काठाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "समजतं."

तिनं ते इंग्रजीत सांगितलं. कितपत, असं त्यांनी विचारलं. ती मराठी करायला तोंड उघडणार, तेवढ्यात मी इंग्रजीतच सांगून टाकलं, चांगलं समजतं, महाराज, रोज त्याच्यावरच पोट भरते. आणि गुन्हा कबूल आहे. मागे कुणीतरी खुसखुसलं. न्यायाधीश हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं. त्यांनी तिचे आभार मानले, तिचा वेळ वाया गेल्याबद्दल तिची माफी मागितली आणि तिला जायला सांगितलं. माफी त्यांनी मागितली. मी तिथेच उभी होते.

दंड भरून बाहेर आले तर ती पार्किंगमध्ये आपल्या गाडीशी उभी होती. मी लगबगीनं गेले. पहिल्यांदा, सवयीप्रमाणे, काहीतरी विनोद केला. ती हसली नाही. मग म्हणाले, "चुकले गं. तुला विनाकारण एवढ्या लांब यावं लागलं."

तिनं गाडीचं दार उघडलं, हातातली फाइल सीटवर ठेवली आणि म्हणाली, "लांबचं काही नाही, काकू. हिंदीचं काम मी नेहमीच करते, मराठीचं आज पहिल्यांदाच आलं होतं. 'गुन्हा कबूल आहे का' हे एखाद्या घाबरलेल्या बाईला न घाबरवता कसं विचारायचं, ते मी काल आईला फोन करून विचारून घेतलं होतं."