सांगोल्याचा बिरू आणि समुद्राची मोरी

सोलापुरातल्या कॉलेजात किस्से धुळीसारखे साचतात. सकाळी टेबल पुसावं, दुपारी पुन्हा बोटभर थर! त्यात आमचं झूलॉजी डिपार्टमेंट अगदी वाऱ्याच्या तोंडावर. आणि बिरूचा थर तर असा, की कितीही पुसा, जातच नाही.

मी तिथे शिकवायचो, बिरू आमचा डेमॉन्स्ट्रेटर. सांगोल्याकडच्या मेंढपाळाचा मुलगा, एम.एस्सी. फर्स्ट क्लास! पण नोकरी टेंपररी. उन्हाळा सरला की नोकरीही सरणार. वडिलांनी सांगून ठेवलेलं, "न्हाय जमलं तर मेंढरं हायतीच की."

अशात नोटीस बोर्डावर कागद लागला. कोकणातल्या एका संस्थेत तरुण शास्त्रज्ञांसाठी फेलोशिप! एक वर्ष किनाऱ्यावर संशोधन, दुसऱ्या वर्षी किनारा जपायचे नियम करायला सरकारला मदत. बिरूने त्याच दुपारी अर्ज लिहिला.

विभागप्रमुख दाते सरांनी चष्म्यावरून पाहिलं. "अरे, तू समुद्र पाहिलायस का कधी?"

"न्हाय सर. पर समुद्रानं तरी कुटं सोलापूर बगितलंय?"

सरांनी सही केली. दुसरं करणार काय!

* * *

आता मुलाखतीत प्रॅक्टिकल असणार, सरावाला खेकडे हवेत. मी मेव्हणीच्या लग्नाला रत्नागिरीला गेलो होतो, तिथून रॉकेलचा डबा भरून जिवंत खेकडे आणले. कोल्हापूरला एसटी बदलली. गाडीत पाय ठेवायला जागा नाही, मी दांडीला लोंबकळतोय. मिरज सुटलं आणि डब्याचं झाकण उघडलं!

पहिल्या खेकड्याने कंडक्टरची चप्पल धरली. पुढचं काय सांगू? सांगोला यायच्या आत अख्खी गाडी रिकामी! मी मागच्या बाकावर आडवा होऊन सोलापूर गाठलं.

खोटं वाटतंय? त्या कंडक्टरला विचारा. बिचारा शेवटपर्यंत टपावर बसून बेल मारत होता!

* * *

डिपार्टमेंटमागच्या सिमेंटच्या हौदात बिरूने समुद्र केला. वाण्याकडचं खडेमीठ आणि नळाचं पाणी. वर्ष दुष्काळाचं, नळ यायचा मर्जीने. त्यामुळे बिरू हौदातला एक थेंबही टाकायचा नाही. धोतराच्या फडक्यातून गाळायचा, पुन्हा ओतायचा. अगदीच खराब पाणी वेगळ्या खड्ड्यात.

एकदा कँटीनच्या चंद्रव्वाकडचं पाणी संपलं. तिने मागचा पुढचा विचार न करता हौदात घागर बुडवली. त्या दिवशी आमटीला अशी चव, की दाते सरांनी तीनदा वाढून घेतली!

चंद्रव्वा हात जोडून म्हणाली, "सायेब, आज मीठ घालायचं इसरलेच, बगा!"

* * *

खेकडे ओळखायचे कसे? मेंढरांच्या पाठीवर रंगाची खूण करतात, तशी बिरूने खेकड्यांच्या पाठीवर केली. रंग पाण्यात टिकेना, म्हणून मी घरातून नेलपॉलिशची बाटली पळवली. आठवड्याने बायको सहज डिपार्टमेंटला आली आणि हौदात डोकावली. लालचुटुक खेकडे!

"माझी बाटली कुठल्या सवतीला दिलीत, ते आज कळलं!"

* * *

शेवटी मुलाखतीचं बोलावणं आलं. बिरू एकटा कसा जाणार? मी बरोबर गेलो. घाट उतरला, वळण आलं आणि समोर समुद्र! बिरू खिडकीतून अर्धा बाहेर. मला वाटलं, आता काहीतरी काव्यमय बोलणार.

"सर, एवढं पानी उगड्यावर! राखण कुणाची हाय?"

 

संस्थेत एकाच जागेसाठी चार उमेदवार. बाकीचे तिघे मुंबई-पुण्याचे, इस्त्रीवाले. आधी प्रॅक्टिकल. प्रत्येकासमोर एक घाणेरडी काचेची टाकी, पाण्याला औषधाचा उग्र वास. ती धुऊन ताजं पाणी भरायचं आणि खेकडे मोजून ठेवायचे. घंटा झाली. तिघांनी टाक्या मोरीत उपड्या केल्या, भसाभसा! बिरू मोरीकडे बघत उभा. मग खाली वाकला, आत डोकावला आणि चक्क दारातून बाहेर पळाला!

मी व्हरांड्यात कपाळाला हात लावून बसलो. डोळ्यांसमोर मेंढरं दिसायला लागली.

वेळ संपली. तिघांच्या टाक्या लखलखीत, बिरूची जशीच्या तशी. तेवढ्यात बिरूसाहेब आले. गुडघ्यापर्यंत चिखल, चपला हातात.

संस्थेचे डायरेक्टर लालेलाल. "कुठे होतात तुम्ही?"

"मोरी कुटं जाती ते बगाय गेलतो, सर. आमच्याकडं पानी सांडायच्या आदी ते बगत्यात."

"मग? कुठे जाते?"

"तुमाला ठावं न्हाय?"

डायरेक्टरांनी दुसऱ्या परीक्षकाकडे पाहिलं. त्यांनी तिसऱ्याकडे. तिसऱ्यांनी क्लार्ककडे. क्लार्क छताकडे बघू लागला!

मग सगळी कमिटी पँट वर दुमडून बिरूच्या मागे निघाली. मीही. दगडांखालून मोरी थेट किनाऱ्यावर उघडत होती, खेकड्यांच्या बिळांच्या तोंडाशी. तिथे एकही बीळ जिवंत नव्हतं.

डायरेक्टर म्हणाले, "मग ही मोरी सोडायची तरी कुठे?"

बिरूने चौफेर नजर फिरवली. कुंपणापलीकडे नारळाची झकास बाग. "ती बाग कुणाची हाय?"

क्लार्क हळूच म्हणाला, "डायरेक्टर साहेबांची."

"मग तितंच सोडा की! धनी रोज बगंल, मोरीतनं काय येतंय ते!"

डायरेक्टरांनी बागेकडे पाहिलं. मोरीकडे पाहिलं. मग बिरूच्या चिखलाच्या पायांकडे.

"तुम्ही रुजू कधी होऊ शकाल?"

बिरूने बाह्या वर सारल्या.

"फावडं कुटं हाय, सर?"