सरळ केलेला आलेख

बारावीला आम्हाला रसायनशास्त्र शिकवणारे सर तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा ठेवून शिकवायचे. रस ओठांबाहेर येऊ नये म्हणून बोलताना हनुवटी वर धरायची त्यांना सवय होती. दहा-बारा वाक्यं झाली की ते प्रयोगशाळेतल्या बेसिनकडे जायचे, थुंकायचे आणि परत येऊन पुढचं वाक्य सुरू करायचे. त्याच बेसिनमध्ये आम्ही परीक्षानळ्या धुवायचो. पांढऱ्या चिनी मातीवर तपकिरी ओघळ सुकलेले असायचे, जाळीत सुपारीचा चुरा अडकलेला असायचा. नळी धुताना मी श्वास रोखून धरायचे. तंबाखू आणि गंधकाचा एकत्र वास आजही कुठे आला तर मी तिथून बाजूला होते.

त्या सरांनी एकदा आदर्श वायू शिकवला. वायूचे रेणू म्हणजे नुसती टिंबं, त्यांना जागा लागत नाही, त्यांची एकमेकांवर ओढ नसते, असं सांगून झाल्यावर त्यांनी फळ्यावर सिलिंडर काढलं. "यातला निम्मा वायू काढला, तर दाब किती उरन?"

"निम्मा," वर्ग एका सुरात म्हणाला.

मी हात वर केला. जाम गावच्या चौरस्त्याजवळ माझ्या बाबांचं सोड्याचं दुकान होतं. कार्बन डायऑक्साइडचं सिलिंडर मी लहानपणापासून बघत आले होते. त्यावरच्या दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा हिवाळ्यात दिवसेंदिवस एकाच जागी बसून असायचा आणि सिलिंडर संपायला आलं की धाडकन खाली यायचा. किती गॅस उरला हे काट्यावरून कधीच कळायचं नाही. म्हणून बाबा सिलिंडर थोडं तिरपं करून हाताला वजन किती लागतं ते बघायचे. मी हे सगळं सांगितलं.

सरांनी हनुवटी वर केली. "तुह्या बापाचा गेज खराब असन. सोडा विकणं वेगळं अन् विज्ञान वेगळं."

वर्ग हसला. सर बेसिनकडे गेले.

घरी येऊन मी बाबांना विचारलं, गेज खराब आहे का. ते बाटल्या विसळत होते. "तीन गेज बदलले आजवर. तिन्ही असेच बसून राह्यले. काटा नको पाहू, वजन पाह्य."

त्या वर्षी परीक्षेसाठी प्रत्येकाला एक प्रकल्प करायचा होता. वर्गातल्या बहुतेकांनी मोबाइलवरून उतरवलेले प्रकल्प एकमेकांत वाटून घेतले. दोघींच्या फायलींमध्ये तर चुकासुद्धा सारख्या होत्या. मी मात्र आमच्या सिलिंडरचा प्रकल्प करायचं ठरवलं. शेजारच्या दुकानदाराकडे कापूस मोजायचा जुना वजनकाटा पडून होता. बाबांनी तो मागून आणला, त्याला तेलपाणी केलं आणि भरलेलं सिलिंडर त्यावर उभं केलं. सगळा डिसेंबर मी रोज सकाळी सातला, दुकान उघडायच्या आधी, वजन, दाब आणि हवेचं तापमान लिहून ठेवत गेले. एखाद्या कडाक्याच्या सकाळी काटा किंचित उतरायचा, ऊन तापलं की पुन्हा जागेवर. वजन कमी होत होतं, दाब तिथंच. शेवटच्या थोड्या दिवसांत मात्र तो भराभर पडला. आलेख काढला तेव्हा लांबच लांब आडवी रेघ आली आणि टोकाला उतार. पेन्सिलीनं काढलेली ती रेघ बाबा बराच वेळ बघत राहिले.

"हेच होते," ते म्हणाले. "असंच होते."

प्रात्यक्षिक परीक्षेच्या आदल्या दिवशी सरांनी सह्या करायला सगळ्यांच्या फायली घेतल्या. परीक्षेच्या सकाळी माझी फाइल हातात आली तेव्हा तिला खर्र्याचा वास येत होता. एका पानाच्या कोपऱ्यावर बोटाचा तपकिरी ठसा होता. आलेखाचं पान उघडलं. माझे बिंदू खोडरबरानं पुसलेले होते, कागद तिथं खरबरीत झाला होता. त्यावर निळ्या पेनानं, पट्टी लावून, एक तिरपी सरळ रेघ ओढलेली होती. वायूचं वजन निम्मं तर दाब निम्मा. तक्त्यातले दाबाचे आकडेही त्या रेघेला जुळतील असे बदलले होते. अक्षर सरांचं होतं.

बाहेरून आलेले परीक्षक टेबलाशी बसले होते. त्यांच्यासमोर तर्री-पोहे होते आणि पोह्यांच्या बाजूला आमच्या फायलींचा ढीग. तर्रीचं तेल वरच्या फायलीवर सांडलं होतं. सर त्यांच्या खुर्चीमागे उभे होते. माझी पाळी आली. परीक्षकांनी आलेख बघितला.

"वा, एकदम सरळ आलाय. काय निष्कर्ष काढला?"

मी सरांकडे बघितलं. ते खिडकीबाहेर बघत होते, जबडा हळूहळू हलत होता.

"वायूचं वजन निम्मं झालं की दाब निम्मा होतो," मी म्हणाले.

मला कोणी धमकावलं नव्हतं. ते वाक्य माझ्याच तोंडातून निघालं आणि चांगलं स्पष्ट निघालं. प्रकल्पाचे मला पैकीच्या पैकी गुण मिळाले.

संध्याकाळी बाबांनी हौसेनं फाइल मागितली. त्यांनी पान उलटलं आणि थांबले. "हे आपलं सिलिंडर नाई."

मी घडलं ते सांगितलं. त्यांना राग येईल, ते कॉलेजात जातो म्हणतील असं मला वाटलं होतं. त्यांनी फाइल बंद केली, हात फडक्याला पुसले.

"त्यानं केलं ते केलं. पण तू काऊन नाई बोलली?"

त्या दिवशी मी जेवले नाही. सरांची किळस मला आधीपासून होतीच. स्वतःची पहिल्यांदा आली.

पुढे वर्ध्याला बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला मॅडमनी फळ्यावर एक आलेख काढला आणि मधोमध आडवी रेघ ओढली. माझीच रेघ. खऱ्या वायूच्या रेणूंना स्वतःचा आकार असतो, त्यांनी सांगितलं, आणि त्यांची एकमेकांवर ओढ असते. वायू विरळ आणि गरम असेल तोवर दोन्ही गोष्टी झाकून राहतात आणि नियम जवळजवळ पाळला जातो. दाटी वाढली, गारठा आला की ओढ जिंकते आणि रेणू एकमेकांना धरून द्रव होतात. सिलिंडरच्या तळाशी तो द्रवच असतो. वरचा वायू काढला की थोडा द्रव उकळून त्याची जागा भरतो, म्हणून दाब हलत नाही. द्रव संपला की मग तो कोसळतो. एकतीस अंशांच्या वर मात्र कार्बन डायऑक्साइड कितीही दाबला तरी द्रव होत नाही. बाबांचा काटा मे महिन्यात एका जागी न बसता हळूहळू का उतरत जायचा, हे मला तेव्हा समजलं. आनंद व्हायला हवा होता. मला मात्र खरबरीत कागद आणि त्यावरचा बोटाचा ठसा आठवत राहिला.

आता मी सेलूला कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. गेल्या वर्षी पेपर तपासणीच्या केंद्रावर ते सर भेटले. निवृत्तीला आले होते, दात काळे पडले होते. त्यांनी चारचौघांत माझी ओळख करून दिली, "ही माही विद्यार्थिनी. प्रकल्पात पैकीच्या पैकी." चहाच्या वेळी ते शेजारी येऊन बसले. मी विचारलं, "सर, तो आलेख तुम्ही का बदलला होता?"

त्यांनी आठवायचं नाटक केलं नाही. "तुहा बरोबर होता, हे मले माहीत होतं. पण परीक्षकानं त्यावर चार प्रश्न विचारले असते. तुले उत्तरं आली नसती तर तुहे मार्क गेले असते. मले आली नसती तर माही इज्जत गेली असती. सरळ रेघेवर कोणी काही विचारत नाई."

"वर्गात तुम्ही गेज खराब आहे म्हणाला होतात."

"मंग काय म्हणायचं होतं?" ते शांतपणे म्हणाले आणि खिशातून पुडी काढली.

इतकी वर्षं मला वाटत होतं की त्यांना कळलंच नव्हतं. अडाणीपणा मी कधीतरी माफ केला असता. ते तळहातावर खर्रा मळू लागले आणि तो वास माझ्या कपापर्यंत आला. मी चहा तसाच ठेवून उठले. त्यांनी मागून विचारलं, "काऊन, चहा नाई घेत?"

"नाही सर," मी म्हणाले. "मला मळमळतंय."