नलिनीच्या सहा नळ्या

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच. तुम्हाला सांगतेय — का, ते विचारू नका. मध्येच थांबले तर पुन्हा धीर व्हायचा नाही.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. बनारसला विद्यापीठात मी मातीतल्या जंतूंवर पीएच.डी. करत होते. दुर्गाघाटावरच्या भिक्षुकाच्या घरातली मुलगी — दिवसभर चिखल चिवडते म्हणून काकू मला अंघोळीशिवाय स्वयंपाकघरात येऊ देत नसत. भाजीच्या शेतांत फवारलेलं कीटकनाशक मातीत साचतं, विहिरींत उतरतं. ते खाऊन संपवणारा एखादा जंतू त्याच मातीत असणार, तो शोधायचा — हे आमचं काम. दोन वर्षं शोधला. नाही मिळाला.

मग नागपूरहून नलिनी आली. आणि सहा महिन्यांत तिला मिळाला! तोही कुठे? वांग्याच्या ज्या शेतातून मी नाक मुरडून परत फिरले होते — फवारलेल्या औषधाचा एवढा उग्र वास, इथं काय जिवंत राहणार? — नेमक्या त्याच शेतात. सर सगळ्यांसमोर म्हणाले, "भई, हाथ हो तो नलिनी जैसा." मी तिला घरी घेऊन आले तर आई म्हणाली, "बघ, किती साफ मराठी बोलते! नाहीतर तू, अर्धी हिंदी." म्हणजे घरातही तीच. जळले मी. उगाच गोड शब्द कशाला शोधू? तिचं हसणं, तिची वेणी, तिने माझ्यासाठी हौसेनं आणलेली संत्राबर्फी — सगळ्याचा मला राग यायचा. ती मात्र मला ताई म्हणायची.

पुढे तिचे वडील आजारी पडले. दीड महिन्यासाठी ती नागपूरला निघाली आणि जंतूंच्या सहा काचनळ्या माझ्या हवाली केल्या. जंतू फ्रिजमध्ये नुसते ठेवून भागत नाही; विरजणासारखे ते पुन्हा पुन्हा नव्या खाद्यावर लावावे लागतात. "ताई, खाद्यात औषध घालायचं विसरू नका हं," ती म्हणाली. "साधं खायला मिळालं की हे लाडावतात, औषध पचवायचंच विसरतात."

मला ते माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. आणि तरीही — नाही, 'तरीही' नाही. म्हणूनच. दर आठवड्याला मी ते साध्या, पौष्टिक खाद्यावर लावले. एक नळी फुटू दिली नाही, कुठे बुरशी धरू दिली नाही. स्वतःच्या जंतूंची सुद्धा मी इतकी निगा राखली नव्हती.

ती परतली तेव्हा नळ्या कशा छान भरलेल्या! तिने प्रयोग लावला — औषध जसंच्या तसं. पुन्हा लावला. जसंच्या तसं. तो जंतू पुन्हा मिळवायला धावत त्या शेतात गेली, तर वीटभट्टीवाल्यांनी वरची माती कधीच उचलून नेलेली. मग सरांनी मला बोलावलं. नलिनी तिथंच उभी होती. "दवा डाली थी?" त्यांनी विचारलं. "जी सर, हर बार." बस, एवढंच. माझ्यावर विश्वास ठेवल्यावर उरलं काय? तिचे आधीचे आकडेच खोटे. तोंडावर कुणी म्हणालं नाही तसं — पण ती लॅबमध्ये आली की बोलणं थांबायला लागलं. केसानं गळा कापणं म्हणतात ना, ते हेच.

दोन महिन्यांनी तिने काम सोडलं. जायच्या दिवशी आमच्या घरी आली, आईच्या पाया पडली. मी गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला गेले. तिथं ती थांबली. "ताई, बाकीच्यांचं जाऊ द्या. तुम्हाला तरी वाटतं ना, तो जंतू खरंच होता? की मीच कुठे चुकले?"

तेव्हा तरी बोलता आलं असतं. ऐकायला दुसरं कुणी नव्हतं. ती चाललीच होती, माझं काय बिघडणार होतं?

"काय सांगावं गं," मी म्हटलं. "चुकतं माणूस कधीकधी."

तिने जरा विचार केला, मान हलवली. पटलं तिला.