दोन गावांचा कडूकंद

शेणव्याच्या हर्षालीला सकाळपासून चैन पडत नव्हतं. शहापुरातल्या एका छोट्या संस्थेत ती रानभाज्या आणि कंदांच्या याद्या संगणकावर चढवायची. आरडीएफ नावाच्या पद्धतीत बसवल्या की गावोगावच्या याद्या आपोआप एकमेकींना जोडल्या जातात. त्यासाठी प्रत्येक नावाआधी एक पत्ता लावावा लागतो, त्याला नेमस्पेस म्हणतात. पत्ता आणि नाव दोन्ही जुळलं, की संगणक ती वस्तू एकच समजतो.

हर्षालीने सगळ्या गावांना एकच पत्ता दिला होता. सोपं पडतं म्हणून. आज शहापूरकडच्या शेणव्याची आणि मुरबाडकडच्या टोकावड्याची यादी जोडली आणि पडद्यावर आलं: कडूकंद, उकडून खातात, ठेचून गळवावर लावतात.

ती खुर्चीतून उठलीच. शेणव्यात कडूकंद फक्त गळवावर लावतात, कुणी तोंडाला लावत नाही. लहानपणी तिने एक तुकडा उचलला, तर आईने हातावर फटका मारून तो फेकायला लावला होता.

"सर, ही यादी पाठवायची नाय," ती संस्थेच्या भगीरथ सरांना म्हणाली.

"अगं, परवा शाळांना द्यायचीय. एका शब्दाचं एवढं काय?"

"तो शब्द वाचून कोणी पोर कंद उकडून खाईल, सर."

खात्री करायला तिने मुरबाडची एसटी पकडली, तिथून टोकावड्याची. टोकावड्याची यादी सांगणाऱ्या गुणाबाईंचा फोन काही लागत नव्हता. सगळ्या याद्यांत मिळून सहाशे बारा नावं. आणखी किती अशी चिकटली असतील? खिडकीतून बाहेर बघायचं तिला सुचेना.

गुणाबाई अंगणात नाचणी पाखडत होत्या. हर्षालीने शेणव्यातल्या कडूकंदाच्या वेलाचा फोटो पुढे धरला.

"गो बाय, ह्यो आमचा नाय! आमचा आमी उकडून खातो, ह्यो खाल्ला तर माणूस आडवाच व्हईल."

"पण दोघांचं नाव एकच?"

"नाव एक असलं म्हणून काय झालं? बाहेरगावची सून कंदाचं बोलाय लागली, की आमी पैला इचारतो, कुठल्या पाड्याचा?"

दुसऱ्या दिवशी हर्षालीने सरांपुढे कागद ठेवला. प्रत्येक गावाला वेगळा पत्ता. दोन गावांची झाडं कोणीतरी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय नावं जोडायची नाहीत.

सरांनी तो वाचला. "बरं. पण पत्त्यात संस्थेचं नाव आणि साल हवं."

"साल नको, सर. पुढच्या वर्षी जुनं वाटेल, कोणीतरी बदलेल, आणि जोडलेलं सगळं तुटेल. संस्थेचं नावही नको. उद्या संस्था बंद झाली तर ते पत्ते कोण सांभाळणार?"

"संस्था बंद होणार नाही," सर ताडकन म्हणाले. साल गेलं, संस्थेचं नाव राहिलं.

शाळांची यादी तीन आठवडे लांबली. त्या दिवसांत हर्षाली गावोगाव फिरली, तशी चिकटलेली आणखी सतरा नावं सापडली, तीही तिने सोडवली. यादी गेली, शाळांतून पोचल्याचे निरोप आले. सरांनी सगळ्यांसमोर शाबासकीही दिली.

तिला मात्र स्वस्थता नव्हती. सहाशेच्या वर नावांआधीच्या पत्त्यांत संस्थेचं नाव जाऊन बसलं होतं, आणि आता ते काढायचं तर शाळांकडे गेलेली प्रत्येक यादी परत मागवावी लागली असती.